गड काळा का येतो?

वारज्याच्या टेकडीवर, स्मृतिवनाच्या वरच्या अंगाला उभं राहिलं की दक्षिणेला, किंचित पश्चिमेकडे सरकलेला सिंहगड दिसतो. हवाई अंतर १३-१४ किलोमीटर. माथ्यावरच्या मनोऱ्यांमुळे तो नवख्यालाही ओळखता येतो. पाऊस सरून हवा धुतल्यासारखी झाली की टेकडीवर फिरायला आलेले निम्मे लोक संध्याकाळी त्याचा फोटो घेतात. मी कॅमेरा आणि ट्रायपॉड घेऊन जातो, एवढाच फरक. फसण्याची तऱ्हा सगळ्यांची सारखीच: आभाळ नीट आलं की गड काळ्या पुठ्ठ्यातून कापल्यासारखा, आणि गडाच्या घळी दिसाव्यात म्हणून एक्स्पोजर वाढवलं की आभाळ पांढरंफटक.

एका नोव्हेंबरात मी हा फरक मोजून पाहिला. बाकी सगळं तेच ठेवलं, तर आभाळाला १/२५० सेकंद पुरत होता. कड्याला १/८ सेकंद लागत होता. प्रकाश दुप्पट किंवा निम्मा होण्याला छायाचित्रणात एक स्टॉप म्हणतात. १/२५० पासून १/८ पर्यंत अशा ५ पायऱ्या होतात. म्हणजे आभाळ कड्याच्या ३२ पट उजळ होतं. डोळ्याला ते जाणवत नाही, कारण डोळा सगळं एकदम बघतच नाही. नजर ढगावर गेली की तो स्वतःला आवरतो, कड्यावर आली की सैलावतो, आणि मेंदू हे तुकडे बेमालूम जोडून देतो. कॅमेऱ्याला मात्र अख्ख्या चौकटीसाठी एकच माप. आजचे चांगले सेन्सर १२ ते १४ स्टॉपचा पल्ला टिपतात खरे, पण छापील कागद जेमतेम ६-७ स्टॉप पेलतो. अडचण टिपण्यात कमी, कागदावर उतरवण्यात जास्त.

पण ३२ पट का? ही गोष्ट मला उशिरा कळली. पुण्याकडून दिसणारं गडाचं अंग हे त्याचं उत्तरेचं अंग आहे. सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चच्या उत्तरार्धापर्यंत सूर्य दक्षिणेकडून फिरतो. त्या काळात हा उभा कडा सकाळ-संध्याकाळ स्वतःच्याच सावलीत असतो. त्याच्या पाठीमागचं आभाळ तेवढं झळझळत राहतं. त्यात खडक काळा बेसॉल्ट, आधीच प्रकाश गिळणारा. उलट मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत पुण्यात दुपारचा सूर्यसुद्धा उत्तरेला असतो, आणि मेच्या संध्याकाळी कड्यावर तिरपं ऊन येतं. तेव्हा हाच फरक बराच कमी भरतो. मे महिन्यात धुरकट हवा असते आणि पुढे ढग येतात, ही गोष्ट वेगळी. ज्या ऋतूत हवा स्वच्छ, त्याच ऋतूत गड सावलीत, असा हा तिढा आहे.

हा तिढा छायाचित्रणाइतकाच जुना. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. भाऊ दाजींचे बंधू नारायण दाजी तिच्या सदस्यांत होते. त्या काळात रूढ होत असलेल्या कोलोडियनच्या ओल्या काचा प्रामुख्याने निळ्या प्रकाशालाच दाद देत. त्यामुळे झाडं, खडक उमटेपर्यंत निळं आभाळ केव्हाच जळून जाई. फ्रान्समध्ये गुस्ताव्ह ल ग्रे याने १८५६-५७ च्या सुमारास समुद्राची एक आणि आभाळाची दुसरी अशा दोन काचांवरून एकच चित्र छापलं, आणि लोक थक्क झाले. बरेच छायाचित्रकार त्याच्या उलट करत: डागाळलेलं आभाळ निगेटिव्हवर रंगाने बुजवून कोरं पांढरं करून टाकत. एकोणिसाव्या शतकातल्या आपल्याकडच्या कितीतरी देखाव्यांवर आभाळ मोकळं आहे ते यामुळे. त्या चित्रांत गड आहेत, देवळं आहेत, ढग तेवढे नाहीत. पावसाने घडवलेल्या मुलखाचा हा दस्तऐवज पावसाविनाच राहिला, याची मला अजून चुटपुट लागते.

पुढे ग्रॅज्युएटेड फिल्टर आले: वरचा अर्धा भाग काळसर, खालचा स्वच्छ काच. समुद्रकिनाऱ्यावर तो देवासारखा धावून येतो, कारण क्षितिज सरळ असतं. सह्याद्रीत नाही. सिंहगडाचा माथा क्षितिजाच्या वर निघतो, तो नेमका काळ्या पट्ट्यात सापडतो, आणि आधीच सावलीत असलेल्या कड्याला आणखी एक सावली मिळते. तीनशे-चारशे फोटो वाया घालवल्यावर मी तो फिल्टर कपाटात ठेवला.

मग राहिला ल ग्रेचाच मार्ग. ट्रायपॉडवरून दोन-तीन वेगवेगळी एक्स्पोजर घ्यायची आणि संगणकावर जोडायची. मोबाइल हेच काम न विचारता करतो. त्याच्या एचडीआर चित्रात गडाच्या कडेने दिसणारी उजळ किनार हा त्या जोडकामाचा सांधा. हे मला इतकं साधलं की एकदा मी हाव केली. मेमधला उन्हातला कडा आणि नोव्हेंबरातलं पेटलेलं आभाळ एकत्र केलं. चित्र देखणं झालं, भिंतीवर लागलं, कौतुकही झालं. गडाच्या पायथ्याला डोणज्यात ज्यांचं आयुष्य गेलं ते माझे एक दूरचे मामा दिवाळीला घरी आले. चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, “गड आमचाच हाय, पण ऊन कुठलं आणलंस? या आभाळाला या अंगाला ऊन नसतंय.”

मी ते चित्र उतरवलं. दोन एक्स्पोजर जोडण्यात मला आजही गैर वाटत नाही. डोळा तेच करतो, आणि ती दोन्ही एकाच संध्याकाळची असतात. दोन ऋतू जोडले की जागेची साक्ष खोटी पडते. आता मी एक्स्पोजर आभाळाच्या बाजूने बेतून धरतो, कारण डिजिटल सेन्सरवर जळालेल्या ढगातून काहीच परत मिळत नाही. सावलीतून मिळतं, थोड्या खरखरीसह. फिल्मच्या निगेटिव्हचा हिशेब याच्या उलट होता, तिथे आधी सावली सांभाळावी लागे. घरी आल्यावर कडा दीड स्टॉप वर उचलतो, फार तर दोन. पाचच्या पाच कधीच नाही. घळी कळतात, पण गड सावलीतच राहतो.

मामा अजूनही दिवाळीला येतात. नवा फोटो हातात दिला की चष्मा लावून आधी सावली बघतात आणि महिना सांगतात. गेल्या खेपेला त्यांनी कार्तिक सांगितला. होता आश्विन, पण शेवटचा आठवडा.