इंजिन सगळ्यात सोपं

जुनी गाडी पुन्हा उभी करतोय म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला, "इंजिन सुरू झालं का?" वास्तविक या उद्योगात इंजिन सगळ्यात सोपं. माझ्या स्टँडर्ड हेराल्डचं 948 सीसीचं इंजिन चार सिलिंडरचं, साधं, लोखंडी. नागपूरला बोअर करणारे आहेत, क्रँक घासून देणारे आहेत. काय किती झिजलंय ते मायक्रोमीटर सांगतो, त्यावर वाद नसतो. रडवतात ती कामं वेगळीच.

हेराल्ड ही मूळची इंग्लंडची ट्रायम्फ, 1959 सालची. रूप दिलं इटलीच्या जोव्हानी मिकेलोत्तीनं. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीनं ती 1961 पासून इथे बनवली आणि पुढे 1968 मध्ये चार दारांची केली, जी इंग्लंडमध्ये कधी निघालीच नाही. हिचीच चॅसी आखूड करून तिकडे 1962 मध्ये स्पिटफायर ही दोन सीटांची स्पोर्ट्स कार झाली. पुढचं सस्पेन्शन तेच, अख्खं बॉनेट पुढच्या बाजूला उलटं उघडायची तऱ्हाही तीच. त्यामुळे स्पिटफायरवाला तिकडे ज्या कामांवर डोकं धरून बसतो, त्याच कामांवर मी गोंदियात बसतो. आपल्याकडे स्पोर्ट्स कार म्हणाव्या अशा गाड्या मुळात थोड्या. गोव्यात वेर्ण्याला सॅन स्टॉर्म बनायची, पण तिचं अंग फायबरग्लासचं. पत्रा सडण्याचं दुःख तिच्या मालकाला काय कळणार!

माझी गाडी आमगावकडच्या एका धानगिरणीच्या पडवीत बरीच वर्षं उभी होती. छप्पर होतं, म्हणून वरून चांगली दिसायची. पण गिरणीत कोंड्याची बारीक धूळ उडते, ती चॅसीच्या पोकळ भागांत जाऊन बसते आणि झाडीपट्टीच्या पावसाळ्यातली ओल धरून ठेवते. पत्रा आतून सडत जातो आणि बाहेर रंग शाबूत राहतो. चॅसीच्या बाजूला आडवे हात निघतात, ज्यांवर बॉडी टेकते. त्यांना खालून पेचकस टोचला तर तो आरपार गेला आणि मागोमाग काळपट भुसा सांडला.

मग बोल्ट. गंजलेला बोल्ट तापवून, तेल पाजून कधी तरी हलतोच, पण इथे गोम पान्याची आहे. ही गाडी इंचांतली आणि आपल्या गॅरेजमधले पाने मिलिमीटरचे. अर्धा इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर. त्यावर तेरा नंबरचा पाना बसतो, बसल्यासारखा वाटतो आणि जोर लावला की बोल्टचे कोपरे खातो. नऊ-सोळांश इंच म्हणजे 14.3, त्यावर चौदा चढत नाही आणि पंधरा घसरतो. साठ वर्षांत ज्यानं ज्यानं या गाडीला हात लावला त्यानं हेच केलेलं. डोकी गुळगुळीत. अशा बोल्टवर नट वेल्ड करायचा, त्या नटाला पाना लावायचा, आणि नशीब बरं असेल तर बोल्ट निघतो. नसेल तर मान तुटते, मग ड्रिल, मग नवे आटे. एक बोल्ट अख्खी दुपार खातो आणि बघणाऱ्याला वाटतं, आज काहीच झालं नाही.

पण मला विचाराल तर खरी डोकेदुखी फटींची. दार आणि बॉनेट यांच्यामधली, दार आणि मागच्या पत्र्यामधली ती बोटभर रेघ वरपासून खालपर्यंत सारखी यायला हवी. हेराल्डमध्ये ती येत नाही, आणि त्याला इतिहास आहे. स्टँडर्ड-ट्रायम्फला बॉडी पुरवणारा फिशर अँड लडलोचा कारखाना 1953 मध्ये बीएमसी या प्रतिस्पर्ध्याच्या हातात गेला. अख्खी बॉडी एका ठिकाणी बनवून मिळेना, म्हणून हेराल्डची बॉडी तुकड्यातुकड्यांत, वेगवेगळ्या ठिकाणी करून घ्यायची आणि बोल्टांनी जोडायची असं ठरलं. कारखान्याची सोय झाली. आमची मात्र बाजेची दोरी झाली, एक बाजू ताणली की दुसरी सैल. दार वर उचलायचं तर बिजागरीला हात लावून भागत नाही. बॉडीखाली चॅसीवर पातळ चकत्या असतात, त्या कमी-जास्त कराव्या लागतात. त्या केल्या की बॉनेट तिरकं. बॉनेट सरळ केलं की दार पुन्हा घासतं. त्यात चॅसीचे हात नवे वेल्ड केलेले असले तर मूळ उंची कुठली, हेच कुणाला ठाऊक नसतं. म्हणून माझा आग्रह असा की रंगाआधी सगळी गाडी कच्ची जोडून बघावी. डेंटिंगवाल्याला ते पटत नाही. त्याच्या मते फट म्हणजे पुट्टी भरायची जागा.

आमचे मिस्त्री फार हुशार, पण पुढच्या चाकांवरून आमचं वाजलं. हेराल्डच्या पुढच्या चाकामागे एक उभा पोलादी दांडा असतो, खालच्या टोकाला आटे पाडलेला, आणि तो पितळी ठोकळ्यात फिरतो. त्याला ट्रनियन म्हणतात. स्टिअरिंग वळवलं की दांडा त्या आट्यांवर फिरतो. इथे नव्वद नंबरचं गिअर ऑइल भरायचं असतं, ग्रीस नाही. मिस्त्री म्हणाले, "सर, ग्रीस नाही मारलं त जाम होऊन जाईल ना." जगातल्या बाकी बहुतेक गाड्यांना त्यांचं म्हणणं लागू आहे. इथे मात्र ग्रीस वर घट्ट होऊन बसतं, खालपर्यंत पोचत नाही. खाली पाणी साचतं, दांडा आट्यांपाशी गंजतो आणि एखाद्या वळणावर तुटून चाक आडवं पडतं. जुना दांडा काढून दाखवला. आट्यांच्या मुळाशी नखानं उकरता येईल असा गंज होता. मिस्त्रींनी तो उलटसुलट करून पाहिला आणि काही न बोलता गिअर ऑइलचा डबा जवळ ओढला.

वायरिंगचं थोडक्यात सांगतो. मूळ गाडीत रंगांना अर्थ असतो: तपकिरी बॅटरीकडून थेट, पांढरी इग्निशनची, हिरवी फ्यूजनंतरची, काळी अर्थिंगची. माझ्या गाडीत उंदरांनी कुरतडलेल्या जागी प्रत्येकानं हाताला लागेल ती वायर जोडली होती, बहुतेक लालच. दुरुस्त करत बसण्यात अर्थ नाही, संपूर्ण नवी ओढावी. ब्रेकचंही तसंच. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, त्यामुळे उभ्या गाडीचे व्हील सिलिंडर आतून खवले पडून बाद होतात. त्यात नुसतं नवं रबर घातलं तर आठवड्यात गळायला लागतं.

सुट्या भागांसाठी मुंबईच्या कुर्ल्याकडे डोळे लावायचे. विदर्भ एक्सप्रेसनं खोकं येतं. आत हेराल्डचा म्हणून पाठवलेला भाग फियाटचा निघतो.

आणि कागद. केंद्र सरकारनं 2021 मध्ये जुन्या गाड्यांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली खासगी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते, नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये, मुदत दहा वर्षं. ती रोज रस्त्यावर आणता येत नाही; रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. अट अशी की चॅसी, बॉडी आणि इंजिन यांत मोठा फेरबदल नको. म्हणजे कुणी कधीकाळी दुसऱ्या गाडीचं इंजिन बसवलं असेल, आणि आपल्याकडे ते सर्रास बसवलेलं असतं, तर अडचण.

म्हणून कुणी हेराल्ड बघायला मला बरोबर नेलं की मी बॉनेट उघडत नाही. आधी आरसी बुक मागतो, चॅसी नंबर आणि इंजिन नंबर ताडून बघतो. मग पेचकस घेऊन गाडीखाली शिरतो. मालक वरून सांगत असतो की इंजिन एका सेल्फमध्ये सुरू होतं.