नदीतल्या पेनकिलरला ऊन लागतं तेव्हा

आज प्रश्न साधा आहे. आपण घेतलेली पेनकिलर नदीत गेली, तर तिचं पुढे काय होतं?

वढू बुद्रुकला भीमा वाहते. जवळच तुळापूरला तिला इंद्रायणी येऊन मिळते. लोणावळा, देहू, आळंदी करत येताना ती वाटेतलं सांडपाणीही घेऊन येते. त्या सांडपाण्यात औषधं असतात, कारण गोळीचा काही भाग लघवीतून बाहेर पडतो, आणि पाठीला चोळलेलं जेल तर बरंचसं आंघोळीतच निघून जातं.

उदाहरण म्हणून डायक्लोफिनॅक घ्या (उदाहरण घ्या, गोळी नको!). गिधाडं मेली म्हणून 2006 साली जनावरांसाठी बंदी आली, तेच हे औषध. माणसांसाठी ते अजून मिळतं.

सूर्यप्रकाश हे औषध तोडतो. पण कसा? पासवर्ड जुळला तरच लॉगिन होतं ना, तसंच. रेणूने किरण शोषला तरच तो तुटतो. 290 नॅनोमीटरखालचे किरण ओझोन वरच अडवतो. डायक्लोफिनॅक त्यापुढचेही थोडे किरण शोषतं, मग त्यातला क्लोरीन सुटतो. स्वित्झर्लंडच्या ग्रायफेनझे तलावात 90 टक्क्यांहून जास्त डायक्लोफिनॅक नाहीसं होतं, आणि ते मुख्यतः उन्हामुळे, असं 1998 च्या अभ्यासात दिसलं.

आयबुप्रोफेनचा पासवर्ड मात्र जुळत नाही. तिथे आडवाटेने काम होतं. कुजलेल्या पाल्यातले पदार्थ आणि नायट्रेट ऊन शोषतात, त्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतात आणि ते औषधावर तुटून पडतात. फिट्सवरचं कार्बामाझेपिन मात्र चिवट, ते सहजासहजी हलत नाही.

मग काय, ऊन आहेच की नदी साफ करायला? थांबा. गढूळ पाण्यात हे किरण वरच्या थरातच संपतात. इंद्रायणीवर जलपर्णी पसरली की खाली अंधारच. शिवाय औषध तुटलं म्हणजे विष संपलं असं नाही. नॅप्रोक्सेनचे उन्हात झालेले काही तुकडे पाण्यातल्या जिवांना मूळ औषधापेक्षा जास्त घातक ठरलेत.

म्हणून माझं म्हणणं एवढंच: ऊन मदतनीस आहे, सांडपाणी प्रक्रिया केंद्र नाही. उरलेल्या गोळ्या सरसकट टॉयलेटमध्ये टाकू नका, मेडिकलवाल्याला विचारा. आणि जेल लावलं की हात आधी कागदाने पुसा, मग धुवा. तेवढं औषध नदीत जायचं वाचलं.

भेटू पुढच्या भागात!