वह्यांच्या मागचं कपाट

अर्धापूरसारख्या तालुक्याच्या गावात पुस्तकाचं दुकान म्हणजे बुक डेपो. पुढं वह्या, कंपास, गाईड, स्पर्धा परीक्षेचे जाडजूड ठोकळे. जूनमध्ये तिथं उभं राहायला जागा मिळत नाही. अवांतर वाचनाचं काही असलंच तर ते मागच्या एखाद्या कपाटात: ‘श्यामची आई’, ‘मृत्युंजय’, ‘छावा’, शेजारी ज्ञानेश्वरी आणि हरिपाठ. दुकानदार या कपाटाकडं सहसा आपणहून बोट दाखवत नाही. पण कुणी चौकशी केली, की तो हातातलं काम सोडून उठतो आणि चार पुस्तकं काढून समोर ठेवतो.

मला हे कपाट फार मोलाचं वाटतं, कारण ते टिकवणं सोपं नाही. पहिली ते आठवीची पाठ्यपुस्तकं सरकारी आणि अनुदानित शाळांतून मोफत मिळतात, त्यामुळं डेपोचा संसार वह्या आणि गाईडांवर चालतो. गाईड दोन महिन्यांत संपतं, कादंबरी दोन वर्षं पडून राहू शकते. प्रकाशक छापील किमतीवर देतो ती सूट हीच दुकानदाराची कमाई. भाडं, वीजबिल, गाडीभाडं सगळं त्यातूनच. ऑनलाइन विक्रेता तीच सूट थेट गिऱ्हाइकाला देऊन टाकतो. तरीही जो माणूस कादंबरीत पैसा अडकवून ठेवतो, तो धंद्यापलीकडचं काहीतरी करत असतो.

आसनेचा पूल ओलांडून नांदेडला गेलं की हाताशी जास्त पुस्तकं येतात. शहरात नीट आणि जेईईच्या पुस्तकांचा पूर आहे, हे खरं. पण निर्मल, अभंग, संगत, इसाप ही प्रकाशनंही याच गावची. मराठीत हजार प्रतींची आवृत्ती काढायची जुनी रीत. आता कवितासंग्रह तीनशे प्रतींतही निघतो. असा एखादा संग्रह पुण्या-मुंबईच्या दुकानात नजरेला पडणं अवघड, आणि ऑनलाइन शोधायचा तर आधी त्याचं नाव ठाऊक हवं. इथं तो समोर पडलेला दिसतो. आपण उचलतो, मधलंच पान उघडतो, आणि आपल्या आज्जीच्या तोंडची बोली छापलेली सापडते. दुकानात जाण्याचं खरं सुख हेच: जे मागायला आपण आलोच नव्हतो, ते हाती लागतं.

या भागाला पुस्तक सहज कधीच मिळालं नाही. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत इथं निजामाचं राज्य होतं, उस्मानिया विद्यापीठात शिक्षणाचं माध्यम उर्दू होतं, आणि मराठी पुस्तकांची मोठी बाजारपेठ राज्याच्या हद्दीपलीकडं होती. १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झालं. पुढं तिथंच शिकवणारे आणि प्राचार्य झालेले कुरुंद्याचे नरहर कुरुंदकर नांदेडात राहूनच इतिहास, नाट्यशास्त्र, राजकारण अशा चौफेर विषयांवर लिहीत राहिले. ते १९८२ मध्ये गेले, पण त्यांची पुस्तकं अजून नव्यानं छापली जातात.

पुस्तक चाळू देणारा दुकानदार हाही भाग्याचा विषय. मुंबईत टी. एन. शानभाग यांनी १९४८ मध्ये कुलाब्याच्या स्ट्रँड थिएटरात पुस्तकांचा छोटा स्टॉल मांडला. वाचकानं मनसोक्त चाळावं, हा तिथला रिवाज. गिरगावात मॅजेस्टिक थिएटरच्या आसऱ्यानं केशवराव कोठावळे यांचा मॅजेस्टिक बुक स्टॉल उभा राहिला. दोन्ही दुकानांना नावं थिएटरांची. स्ट्रँड २०१८ मध्ये बंद झालं. पण कोठावळ्यांनी १९६४ मध्ये सुरू केलेल्या ‘ललित’ मासिकामुळं दुकानापासून शेकडो मैल लांबच्या वाचकालाही नवं काय निघालं ते कळू लागलं. कळणं आणि मिळणं यांतलं अंतर मात्र टपालानं कापायचं होतं.

म्हणून डिसेंबर २०२४ मध्ये टपाल खात्यानं रजिस्टर्ड बुक पोस्टची सवलत बंद केली, तेव्हा लहान प्रकाशक हवालदिल झाले. पुस्तकापेक्षा टपाल महाग पडू लागलं तर गावाकडचा वाचक ते मागवणार तरी कसा? १ मे २०२५ पासून पुस्तकांसाठी ‘ज्ञान पोस्ट’ ही टपालसेवा सुरू झाली आहे. तीनशे ग्रॅमपर्यंत २० रुपये, अर्ध्या किलोपर्यंत २५, आणि पाच किलोपर्यंत १००, कर वेगळा. अर्ध्या किलोचं एकच पुस्तक मागवलं तर पंचवीस रुपये पडतात. पण अर्धापूरच्या एखाद्या डेपोवाल्यानं दहा गिऱ्हाइकांची नावं वहीत टिपून एकच पार्सल मागवलं, तर एका पुस्तकामागं जेमतेम दहा रुपये. पुस्तकाचं, लेखकाचं आणि प्रकाशकाचं नाव चिठ्ठीवर लिहून नेलं तर त्याचंही काम हलकं होतं, आणि एकाच नावाची मागणी तिघांनी केली की पुढच्या खेपेला तो दोन प्रती जास्तीच्या आणतो.