खेळाडूची खरी श्रीमंती कशात?



सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्या आपल्या घरांतही आता मुले फुटबॉलपटू होण्याचे स्वप्न पाहतात. अमक्या खेळाडूची संपत्ती इतके कोटी, हे आकडे त्यांना तोंडपाठ असतात. या आकड्यांत खरे किती, याचा विचार आम्ही आईबापांसाठी येथे करीत आहोत.

कोल्हापूरचा अनिकेत जाधव हा रिक्षाचालकाचा मुलगा. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत तो घडला. २०१७ साली सतरा वर्षांखालील मुलांची विश्वचषक स्पर्धा भारतात भरली, तेव्हा तो भारताकडून खेळला. पुढे व्यावसायिक खेळाडू म्हणून जमशेदपूर, हैदराबाद, ओडिशा असे संघ त्याने पाहिले. हैदराबादने २०२१-२२ ची इंडियन सुपर लीग जिंकली, त्या संघातही तो होता. कष्टकऱ्याच्या घरातून इथवर जाता येते हे त्याने दाखवून दिले, याचा आम्हांला आनंद आहे.

पण अशा खेळाडूची संपत्ती किती? आपल्या देशात संघ आणि खेळाडू यांच्यातील करार सहसा जाहीर होत नाहीत. कर, कर्ज, घरखर्च तर बाहेरच्याला दिसतच नाही. म्हणून छापून येणारे कोटींचे आकडे हा निव्वळ अंदाज असतो. शिवाय करारात लिहिलेला पैसा हाती पडेलच असे नाही. ज्या हैदराबादने २०२२ मध्ये चषक उचलला, त्याच संघात २०२३-२४ च्या हंगामात पगार थकले आणि अनेक खेळाडू सोडून गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये लीगचे भवितव्यच अधांतरी झाले, तेव्हा बंगळुरू एफसीने मुख्य संघाचे पगार बेमुदत थांबवले. त्यात हा खेळ सहसा पस्तिशीपर्यंतचा. गुडघा गेला तर त्याआधीच संपला.

केरळचे आय. एम. विजयन लहानपणी त्रिशूरच्या मैदानावर सोडा विकत. तेच पुढे भारताचे कर्णधार झाले. २००३ साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, २०२५ साली पद्मश्री. मात्र खेळ थांबल्यावर त्यांना केरळ पोलिसांतील नोकरीचाही आधार होता. २०२५ मध्ये ते तेथून अधिकारी म्हणून निवृत्त झाले.

पैसा राखावा कसा, हे शिकायला आपल्याला लांब जायला नको. आपल्या त्रिरश्मी लेण्यांतील शिलालेख सांगतो की सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी उषवदाताने भिक्खू संघासाठी तीन हजार कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले. मुद्दलाला हात लावायचा नाही, खर्च व्याजातून करायचा, अशी त्याची अट होती. भगवान बुद्धांनीही सिगालाला मिळकतीचे चार भाग सांगितले. एक उपभोगाला, दोन धंद्याला आणि चौथा अडचणीच्या दिवसांसाठी.

तेव्हा मुलाला जरूर खेळू द्या, मुलीलाही खेळू द्या. पण सरावापायी शाळा सुटू देऊ नका. पहिल्या कमाईची मोटारसायकल घेण्याआधी मुद्दल बाजूला ठेवा. बाबासाहेबांनी शिक्षणाला पहिले स्थान दिले ते उगाच नव्हे. पाय थकतात, शिक्षण थकत नाही.

जयभीम!