मनीला बाहेर कधी सोडाल?

दाराशी बसून मनी ओरडू लागली की तुमचा जीव कळवळतो. पण घाई नको हं! ३ महिन्यांची झाली की रेबीजची लस टोचून महिनाभर थांबा. ४-५ महिन्यांत, माजावर यायच्या आतच, शस्त्रक्रिया उरका. नाहीतर लवकरच माळ्यावर पिल्लांची रांग! मग परड्यात, जेवणाआधी, तुमच्या देखत सोडा. भुकेली मनी हाकेला परतते. घर कोल्हापुरातल्या महाद्वार रोडसारख्या वर्दळीच्या रस्त्यावर असेल, तर मात्र जाळी लावलेली गॅलरीच बरी. आणि मांजरानं मुलांना चावलं-बोचकारलं, तर जखमेवर हळद दाबू नका. साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा नि लगेच दवाखाना गाठा.