वळण दाखविणारे दिवे आणि एलईडी

मोटरसायकलीवरील चार दिशादर्शक दिवे, ज्यांना आपण सर्व जण इंडिकेटर म्हणतो, ते वाहनाच्या अंगावरील लहानसे दिवे होत. त्यांच्या प्रकाशात रस्ता दिसत नाही. स्वार त्यांच्याकडे क्वचितच पाहतो, कारण ते त्याच्यासाठी नाहीतच. ते मागून येणाऱ्या मालमोटारीच्या चालकासाठी आणि चौकात आडव्या रस्त्यावर थबकलेल्या वाटसरूसाठी असतात. दुसऱ्याने आपला हेतू बरोबर वाचावा एवढेच त्यांचे काम. म्हणून त्यांत काही फेरफार करावयाचा झाल्यास "मला ते कसे दिसतात" ह्यापेक्षा "दुसऱ्याला ते काय सांगतात" हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

अलीकडे हा फेरफार घरोघरी होऊ लागला आहे. जुना तारेचा बल्ब काढावयाचा आणि त्याच होल्डरमध्ये बसणारा एलईडी दिवा घालावयाचा. काम पाच मिनिटांचे, खर्च किरकोळ. पण बल्ब बदलून बटण दाबताच पुष्कळांना चमत्कारिक अनुभव येतो. कोणाचा दिवा लागतो तो लुकलुकतच नाही, कोणाचा पिसाट वेगाने फडफडू लागतो, आणि कोणी डावीकडचे बटण दाबले तर चारही दिवे एकदम चमकू लागतात. एलईडी खराब निघाला असे समजून माणूस दुकानदाराशी हुज्जत घालतो. वास्तविक दोष बहुधा एलईडीचा नसतो. जुन्या मंडलात नव्या पाहुण्याची व्यवस्था केलेली नसते, एवढेच.

प्रथम बल्बाचा विचार करू. आपल्याकडील पुष्कळशा मोटरसायकलींवर इंडिकेटरचा बल्ब बारा व्होल्टचा आणि दहा वॅटचा असतो. त्यातील टंगस्टनची तार अडीच हजार अंश सेल्सियसच्या आसपास तापते आणि म्हणून प्रकाश देते. खर्च झालेल्या विजेतील जेमतेम विसावा हिस्सा डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशात उतरतो, उरलेली सर्व उष्णता. शिवाय ही तार केसासारखी बारीक. एका सिलिंडरचे दणकट इंजिन खाली धडधडत असताना आणि चाके खड्ड्यांतून आपटत असताना ती तुटते, ह्यात नवल ते काय? गोव्यात भाडे नेणारे मोटरसायकल-पायलट किंवा चोर्ला घाटातून बेळगाव-पणजी अशी नित्य ये-जा करणारे लोक ह्यांना बल्ब उडण्याची तक्रार काही नवी नाही.

एलईडीत तुटावयास तारच नाही. एका विशिष्ट अर्धवाहक स्फटिकातून वीज जाऊ लागली की तो थेट प्रकाश देतो. डोळ्यांना दिसणारा तांबडा प्रकाश देणारा एलईडी निक होलोनियाक ह्यांनी 1962 साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत तयार केला. पिवळा एलईडी जॉर्ज क्रॅफर्ड ह्यांनी 1972 मध्ये सिद्ध केला. निळ्यासाठी मात्र जगाला बरीच वाट पाहावी लागली. तो साधणारे आकासाकी, आमानो आणि नाकामुरा ह्यांना 2014 चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. ह्या इतिहासाचा आपल्या इंडिकेटरशी संबंध आहे. बाजारात मिळणारा पांढरा एलईडी बहुधा मुळात निळा असतो. त्यावर पिवळसर प्रकाश देणाऱ्या द्रव्याचा लेप दिलेला असतो आणि दोन्हींच्या मिश्रणाने पांढरा भास होतो. असा दिवा नारिंगी काचेच्या आड बसविला तर काच निळा भाग अडवून धरते आणि बाहेर पडतो तो क्षीण, फिकट प्रकाश. म्हणून काच नारिंगी असेल तरीही एलईडी नारिंगीच घ्यावा. काच पांढरी असेल तर प्रश्नच उरत नाही. आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे (1989) वळण दाखविणारा प्रकाश नारिंगी असला पाहिजे. पांढरा अथवा निळा इंडिकेटर कितीही देखणा दिसो, तो नियमबाह्य तर आहेच, पण पाहणाऱ्याला बुचकळ्यात टाकणाराही आहे.

आता लुकलुकण्याकडे वळू. बटण आणि बॅटरी ह्यांच्या मध्ये फ्लॅशर नावाची एक लहानशी डबी असते. जुन्या पद्धतीच्या फ्लॅशरमध्ये दोन भिन्न धातू एकमेकांस जोडून केलेली पट्टी असते. वीज वाहू लागली की पट्टी तापते. दोन धातू सारखे प्रसरण पावत नाहीत म्हणून ती वाकते, जोड सुटतो आणि दिवे विझतात. ती निवते, पुन्हा सरळ होते, दिवे पुन्हा लागतात. ही सगळी करामत विजेच्या विशिष्ट प्रवाहावर बेतलेली आहे. दहा वॅटचे दोन बल्ब बारा व्होल्टवर मिळून सुमारे पावणेदोन अँपियर वीज ओढतात. त्यांच्या जागी एकेक वॅटचे दोन एलईडी आले की प्रवाह त्याच्या दहाव्या हिश्श्यावर येतो. एवढ्या ऊबेने पट्टी वाकतच नाही आणि दिवे स्थिर जळत राहतात.

दुसरा प्रकार इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरचा. त्यात तापण्या-निवण्याचा खेळ नाही, पण पुष्कळशा फ्लॅशरांत एक पहारेकरी बसविलेला असतो. तो प्रवाह मोजतो. प्रवाह घटला की एक बल्ब उडाला असे तो समजतो आणि स्वाराला सावध करण्यासाठी लुकलुकण्याचा वेग वाढवतो. योजना मोठी शहाणपणाची आहे. एलईडी लावले की ह्या पहारेकऱ्याला दोन्ही बल्ब मेल्यासारखे वाटतात आणि तो सारखा ओरडत सुटतो.

ह्यावर दोन उपाय प्रचलित आहेत. पहिला रोधकाचा. प्रत्येक एलईडीला समांतर असा एक रोधक जोडून तुटीचा प्रवाह त्यातून वाहू द्यावयाचा, म्हणजे फ्लॅशर फसतो. दहा वॅटच्या बल्बाची भरपाई करावयाची तर सुमारे चौदा ओहमचा रोधक लागतो. मला हा उपाय मनापासून पटत नाही. जी वीज वाचविण्यासाठी एलईडी आणला ती रोधकात जाळावयाची, हा उरफाटा व्यवहार झाला. शिवाय रोधक चांगलाच तापतो. मेकॅनिक घाईत तो वायरींच्या जुडग्यात चिकटपट्टीने गुंडाळून सीटखाली सारून देतात, आणि मग वायरींचे आवरण वितळते. लावावयाचाच झाला तर तो उघड्या धातूच्या पट्टीवर, प्लास्टिकपासून दूर घट्ट बसवावा.

दुसरा उपाय म्हणजे फ्लॅशरच बदलणे. एलईडीसाठी केलेला फ्लॅशर प्रवाहाकडे पाहत नाही, आतील कालमापकाच्या तालावर उघडझाप करतो. विकत घेण्यापूर्वी जुन्या डबीला दोन पिना आहेत की तीन, हे पाहावे. दोन असल्या तर एक बॅटरीकडची आणि एक दिव्यांकडची. तिसरी असली तर ती अर्थिंगची, आणि ती जोडावयाची राहिली तर नवा फ्लॅशर ढिम्म हलत नाही. बॅटरीकडची व दिव्यांकडची वायर उलट लागली तरीही तोच प्रकार होतो. ज्या जुन्या गाड्या सहा व्होल्टच्या आहेत त्यांना एलईडी आणि फ्लॅशर दोन्ही सहा व्होल्टचेच हवेत. उलटपक्षी, काही नव्या गाड्यांत स्वतंत्र फ्लॅशर नसतोच, उघडझाप एका मध्यवर्ती नियंत्रकाकडून होते. तेथे आपण होऊन काही न केलेले बरे.

इतके करूनही चारही दिवे एकदम चमकण्याचे कोडे उरतेच, आणि माझ्या मते सर्वांत धोक्याचे तेच आहे. डावे-उजवे असे दोन वेगळे खूणदिवे ज्या गाड्यांच्या मीटरवर आहेत त्यांना हा त्रास होत नाही. ज्यांवर दोन्ही बाजूंसाठी एकच खूणदिवा आहे तेथे तो होतो. ह्या एकट्या दिव्याची एक वायर डाव्या मंडलाला आणि दुसरी उजव्या मंडलाला जोडलेली असते. डावे बटण दाबले की वीज खूणदिव्यातून उजव्या बाजूच्या बल्बांत शिरते आणि तेथून चेसिसला मिळते. म्हणजे उजवे बल्ब त्या वेळी केवळ परतीची वाट म्हणून वापरले जातात. थंड तारेचा रोध अगदी थोडा, आणि खूणदिव्यातून येणारा प्रवाह पाव अँपियरच्या आसपास. तेवढ्याने दहा वॅटची तार लालसुद्धा होत नाही. पण त्याच जागी एलईडी असले तर? त्यांना तेवढा प्रवाह पुरून उरतो. उजवेही चमकतात, कधी लख्ख, कधी मंद.

मागच्या चालकाला ह्याचा अर्थ काय लागावा? चारही दिवे म्हणजे गाडी संकटात आहे, थांबली आहे किंवा थांबणार आहे. तो उजवीकडून पुढे काढू पाहतो, आणि नेमका त्याच क्षणी आपण उजवीकडे वळतो. इंडिकेटर मुळीच न लावणारा स्वार निदान खोटे तरी बोलत नाही.

उपाय मात्र सोपा आणि स्वस्त आहे. रेडिओ दुरुस्तीच्या सामानाच्या दुकानात वन एन 4007 ह्या नावाचा डायोड काही रुपयांत मिळतो. डायोड विजेला एकाच दिशेने जाऊ देतो. असे दोन घ्यावेत. खूणदिव्याच्या दोन्ही वायरी सोडवून प्रत्येकीत एकेक डायोड असा जोडावा, की त्यावरील रुपेरी पट्ट्याचे टोक दिव्याकडे राहील. मग दोन्ही टोके एकत्र करून खूणदिव्याच्या एका बाजूस द्यावीत आणि त्याची दुसरी बाजू चेसिसला जोडावी. आता कोणत्याही बाजूची वीज खूणदिव्यात येऊ शकते, पण विरुद्ध बाजूला ओलांडू शकत नाही. खूणदिवाही एलईडीचा केला असेल तर त्याचे धन-ऋण टोक पाहून लावावे. तारेच्या बल्बाला उलटसुलट चालते, एलईडीला चालत नाही.

एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. बल्बाची तार चहूकडे प्रकाश टाकते आणि दिव्यातील वाटीसारखा परावर्तक ती गृहीत धरूनच घडविलेला असतो. ज्या एलईडीचे सर्व कण टोकाकडे तोंड करून बसविलेले आहेत, तो समोरून डोळे दिपवतो आणि बाजूने दिसतच नाही. चौकात मात्र बाजूने पाहणाराच महत्त्वाचा असतो. तेव्हा कडेनेही कण असलेला दिवा निवडावा आणि भर दुपारच्या उन्हात, वीस पावलांवर, मागून आणि तिरप्या बाजूंनी कोणाला तरी पाहावयास सांगावे. रात्री अंगणात घेतलेल्या परीक्षेला काही अर्थ नाही.

पेट्रोल वाचते, असे दुकानदार सांगतील. इंडिकेटर दिवसाकाठी जळतो तरी किती वेळ? ती बचत मोजण्याजोगी नाही. खरा लाभ टिकाऊपणाचा आहे, आणि जुन्या बॅटरीला इंजिन मंद चालत असताना मिळणारा थोडासा दिलासा. त्याच्या मोबदल्यात आपण तो पहारेकरी गमावतो, हे मात्र विसरू नये. नव्या फ्लॅशरवर मागचा एक दिवा बंद पडला तरी उघडझापीचा ताल बदलत नाही. पावसाळ्यात, विशेषतः किनाऱ्यावरील खाऱ्या हवेत, होल्डर गंजून दिवा मुका होणे अगदी सहज घडते. आठवड्यातून एकदा गाडीभोवती फिरून चारही दिवे स्वतः पाहावेत.

त्याच वेळी घड्याळ हाती घ्यावे. नियमाप्रमाणे मिनिटाला साठ ते एकशेवीस वेळा दिवा लुकलुकला पाहिजे, म्हणजे पंधरा सेकंदांत पंधरापेक्षा कमी नाही आणि तिसापेक्षा अधिक नाही. काही फ्लॅशरांना वेग कमी-जास्त करण्याचा बारीक स्क्रू असतो. आकडा ह्या मर्यादेबाहेर गेला तर लहान पेचकसाने तो थोडा फिरवून पुन्हा मोजावे.