पाच मतांचा मतदारसंघ

दादाभाई नौरोजी १८९२ साली ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून आले, हे आपण शाळेतच शिकतो. ते जिथून निवडून आले तो सेंट्रल फिन्सबरी मतदारसंघ मात्र आज अस्तित्वात नाही. तो जन्मला १८८५ मध्ये आणि १९१८ मध्ये मोडला. एवढ्याशा आयुष्यात त्याने दादाभाईंना निवडून दिलं, आणि त्यात त्याच्या हद्दीचा वाटा मोठा होता असं मला वाटतं.

मूळचा फिन्सबरी मतदारसंघ १८३२ च्या सुधारणा कायद्याने झालेला. सिटी ऑफ लंडनच्या उत्तरेला होल्बर्न, क्लार्कनवेल, इस्लिंग्टन असा मोठा पसारा आणि त्याला दोन खासदार. इथला मतदार जहाल म्हणून ओळखला जाई. 'लॅन्सेट' हे वैद्यकीय नियतकालिक काढणारे डॉ. थॉमस वेकली इथलेच खासदार. त्यांचे जोडीदार थॉमस डंकोम्ब यांनी १८४२ मध्ये चार्टिस्ट या कामगार चळवळीचा मताधिकाराचा प्रचंड अर्ज सभागृहात मांडला.

१८८४ मध्ये ग्लॅडस्टन सरकारने मताधिकार वाढवायचं ठरवलं, तेव्हा हुजूर पक्षाचे लॉर्ड सॅलिसबरी अडून बसले. आधी मतदारसंघांची फेररचना ठरवा, मगच विधेयक पुढे जाऊ देऊ, ही त्यांची अट. तडजोडीतून बहुतेक ठिकाणी एक मतदारसंघ, एक खासदार ही पद्धत आली. सॅलिसबरींचा हिशेब सरळ होता: शहरांतल्या सुखवस्तू वस्त्या कामगार वस्त्यांपासून वेगळ्या निघाल्या, तर तिथे आपला माणूस निवडून येईल. जुन्या फिन्सबरीतून होल्बर्न, सेंट्रल फिन्सबरी, ईस्ट फिन्सबरी आणि इस्लिंग्टनचे चार मतदारसंघ निघाले.

सेंट्रल फिन्सबरी म्हणजे मुख्यतः क्लार्कनवेल. घड्याळजी, सोनार, छापखान्यातले कामगार यांची दाट वस्ती. क्लार्कनवेल ग्रीनच्या चौकातल्या राजकीय सभांची परंपरा जुनी. दादाभाई १८८६ मध्ये शेजारच्या होल्बर्नमध्ये उभे राहिले होते आणि सपशेल पडले होते. त्यानंतर त्यांनी सेंट्रल फिन्सबरी धरला. लिबरल पक्षातच त्यांच्या उमेदवारीवरून बराच काळ भांडण चाललं, तरी ते हटले नाहीत. होल्बर्नच्या त्या पराभवाचा दाखला देत, इंग्रज मतदार काळ्या माणसाला निवडून देण्याइतके अजून तयार नाहीत, असं पंतप्रधान सॅलिसबरी १८८८ मध्ये एडिंबरोच्या सभेत बोलले. त्या उद्गाराने देशभर गदारोळ झाला आणि दादाभाईंचं नाव घरोघरी पोचलं.

ज्यांच्या हट्टाने हे छोटे मतदारसंघ आखले गेले, त्यांनीच हा अपमान केला होता. क्लार्कनवेलच्या मतदारांनी त्याला मतपेटीतून उत्तर दिलं. १८९२ मध्ये त्यांच्यासमोर होते तेव्हाचे विद्यमान खासदार कॅप्टन फ्रेडरिक पेंटन. पेंटनव्हिल ही वस्ती त्यांच्याच घराण्याच्या नावाची. सुमारे ५,९०० मतं पडली आणि दादाभाई पाच मतांनी जिंकले. जुन्या अवाढव्य, दोन खासदारांच्या फिन्सबरीत मुंबईहून आलेल्या माणसाला गल्लीगल्लीत, क्लबाक्लबांत ओळख करून घेणं फार अवघड गेलं असतं. पाच मतं म्हणजे एखाद्या गल्लीतली चार-दोन घरं. हद्दीची रेघ तेवढी सरकली असती तरी निकाल फिरला असता.

१८९५ च्या लाटेत लिबरल पक्षाबरोबर दादाभाईही हरले. त्याच निवडणुकीत मुंबईचे मंचरजी भावनगरी बेथनल ग्रीन नॉर्थ ईस्टमधून निवडून आले, पण हुजूर पक्षातर्फे.

पुढची कहाणी ओसरत्या वस्तीची आहे. १९१८ मध्ये फिन्सबरी बरोला, म्हणजे तिथल्या पालिका विभागाला, मिळून एकच खासदार उरला. विसाव्या शतकाच्या आरंभी बरोची लोकसंख्या लाखाच्या वर होती. लोक उपनगरांकडे गेले, युद्धात बॉम्ब पडले आणि १९५१ पर्यंत ती जेमतेम पस्तीस हजारांवर आली. १९५० मध्ये फिन्सबरी शोरडिचला जोडला गेला. १९६५ मध्ये बरोच इस्लिंग्टनमध्ये विलीन झाली, आणि १९७४ पासून मतदारसंघाचं नाव आहे इस्लिंग्टन साउथ अँड फिन्सबरी. ज्या फिन्सबरीच्या पोटातून इस्लिंग्टन निघालं, तो आता त्याच्या नावामागे आला आहे. चुरशीची सवय मात्र इथल्या मतदारांनी सोडली नाही: १९८३ मध्ये ख्रिस स्मिथ ३६३ मतांनी जिंकले, २००५ मध्ये एमिली थॉर्नबेरी ४८४ मतांनी.